चार बोटांची मोकळी जागा

१ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि त्याचे ठाणे सांगलीला आले. जिल्हा एका दिवसात झाला. दप्तरे काही एका दिवसात हलत नाहीत. सांगलीचे जयपाल वकील यांना जुन्या खटल्यांच्या नकला साताऱ्याहूनच आणवाव्या लागत. नक्कल दुपारी एकच्या सुमारास हाती पडे आणि पाचाच्या आत सांगलीच्या कोर्टात हवी असे. मध्ये पाऊणशे मैलांचा रस्ता. हे काम उंब्रजच्या मानसिंगांनी मागून घेतले.

मानसिंगांना शेती होती, पण शेतात जीव रमत नव्हता. महायुद्धात इटलीच्या डोंगरांत ते पलटणीचे लखोटे मोटारसायकलवरून पोचवत. १९४४ साली गाडीसकट घळीत कोसळले आणि माकडहाड दुखावले. लष्करी डॉक्टरांनी पलटणीतून मोकळे केल्याच्या कागदावर ‘लांबचा प्रवास टाळावा’ असे लिहिले. मानसिंगांनी तो कागद पेटीच्या तळाशी घातला आणि पुण्याच्या लष्करी लिलावातून तसलीच एक फटफटी आणली. इंजिन ठणठणीत होते. बैठकीचे चामडे फाटून स्प्रिंगा वर आल्या होत्या, आणि कऱ्हाडच्या पुढे गेले की कमरेत कळ उठे.

उपाय त्यांनी सरळ केला. पिंजाऱ्याकडून नव्या कापसाची टम्म गादी भरून घेतली आणि १७ ऑक्टोबरला साताऱ्याहून नक्कल घेऊन निघाले. कऱ्हाडपर्यंत राजासारखे आले. पुढे कापूस दबला, मधोमध खड्डा पडला आणि दुखरे हाड नेमके त्या खड्ड्यात टेकले. इस्लामपूरला ते दीड तास आंब्याखाली पालथे पडून होते. सांगलीला पोचले तेव्हा कोर्ट उठले होते आणि त्यांना गाडीवरून दोघांनी उचलून उतरवले.

“मानसिंगराव, तुम्ही नक्कल आणलीत की नकलेनं तुम्हाला आणलं?” जयपाल वकील म्हणाले. बाररूममधले सगळे वकील हसले. मग आवाज उतरवून त्यांनी पुढचे सांगितले, “अठ्ठावीस नोव्हेंबरला आणखी एक नक्कल यायची आहे. ती वेळेत आली तर काम तुमचं. नाही तर मी दुसरा माणूस बघतो.”

मानसिंगांच्या पत्नी अंजनाबाई यांचे भाऊ लालासाहेब यांना ही बातमी गोडच लागली. त्यांचा डोळा फटफटीच्या इंजिनावर होता.

“दाजी, ह्ये इंजिन माज्या हिरीवर लावू. ऊस तरी पिकंल.”

“अठ्ठावीस तारखेपातूर थांब,” मानसिंग एवढेच बोलले. पण त्यांनी मनात ठरवून टाकले होते: त्या दिवशी हरलो तर फटफटी लालासाहेबाची.

मग बैठकींचा शोध सुरू झाला. मोटारीच्या ट्यूबमध्ये हवा भरून पाहिली. दर खाचेला उडी. भुसा भरलेले पोते चार मैलांत दगड झाले. अंजनाबाई वैतागल्या. “आवं, लोकं बायकू बघायला एवढी हिंडत न्हाईत!”

त्या दिवसांत मानसिंगांच्या काढणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. धान्याच्या बोलीवर धनगर कळप रात्री रानात बसवत आणि रानाला खत मिळे. कळपाचे म्हातारे धनी धुळाबा ओट्यावर ज्वारी घ्यायला आले, तेव्हा कापसाची गादी बाजूला पडली होती. त्यांनी ती काठीने दाबून पाहिली.

“मालक, ही लेकीच्या रुखवतात ठिवा. मऊ टाकलं की घोडं लागतंय.”

“म्हंजी?”

“पाठ सोलती. आमच्या घोड्यावर सगळा संसार असतोय. कण्यावर कायबी टेकवायचं न्हाई. दोन अंगांना दोन घट्ट वळ्या, मधी चार बोटं वारा.”

“पर धुळाबा, घोडं भाराखाली असतंय. मी भाराच्या वर हाय.”

“खालचं असू द्या न्हाईतर वरचं, हाड त्ये हाडच की!”

मानसिंग हसले आणि मग हसता हसता थांबले. पाच वर्षे ते दुखऱ्या हाडाखाली काय घालावे याचा विचार करत होते. तिथे काहीच घालू नये, हे कुणी म्हणाले नव्हते.

धुळाबांनी एक जुने घोंगडे दिले. अंजनाबाईंनी चिंचोके भाजून, भरडून त्यांची खळ शिजवली. खळ पाजलेल्या घोंगड्याच्या दोन वळ्या तीन दिवस उन्हात वाळल्या. गावात चामड्याचे काम करणाऱ्या केरबांनी त्या बकऱ्याच्या कातड्यात शिवल्या. मध्ये चार बोटे मोकळी, बोटे धुळाबांची. परीक्षा अंजनाबाईंनी घेतली. बैठक पालथ्या उखळावर ठेवून नवऱ्याला वर बसवले आणि पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचे पोते सोडले.

“फोडा. उठलासा की हारलासा.”

मानसिंग दुपारभर बसले. पोते संपले. मग ते उठले, कमरेवर हात न ठेवता.

अठ्ठावीस नोव्हेंबरला नक्कल मिळायला एक वाजून चाळीस मिनिटे झाली. चाळीस मिनिटे वाया गेली होती. उंब्रजला अंजनाबाई रस्त्याला उभ्या होत्या. मानसिंगांनी नुसता हात उंचावला. कऱ्हाड गेले. कळ आली नाही. इस्लामपूरचा तो आंबा आला, तेव्हा त्यांनी मुद्दाम भोंगा वाजवला. आयर्विन पुलावर कृष्णेचा वारा अंगावर आला आणि हा पलटणीचा स्वार एकटाच मोठ्याने ओरडला.

कोर्टाच्या आवारात दोघे जण उचलायला पुढे धावले. मानसिंग स्वतः उतरले, पायऱ्या चढले आणि जयपाल वकिलांच्या हातात नक्कल दिली. वकिलांनी घड्याळ पाहून कागदाच्या पाठीवर ‘४.१०’ लिहिले.

“बसा, मानसिंगराव. चहा घ्या.”

“बसूनच आलोय की, साहेब,” ते म्हणाले. “आता उभ्यानं घेतो.”

त्याच संध्याकाळी ते उंब्रजला परतले. लालासाहेब ओट्यावर वाट पाहत होते. “काय दाजी, हिरीवर कवा लावायचं?” मानसिंगांनी त्यांना मागच्या कॅरिअरवर बसवून कऱ्हाडपर्यंत फिरवून आणले. तिथे गादी नव्हती. लालासाहेब चार दिवस पालथे झोपले, असे अंजनाबाई सांगत. लालासाहेब दोनच म्हणत.

पाठीवर ‘४.१०’ लिहिलेली ती नक्कल शिल्लक आहे. त्यानंतर मानसिंगांनी किती वर्षे हे काम केले, याची नोंद सापडत नाही. बैठक कुठे गेली ते ठाऊक नाही. धुळाबा पुढच्या हंगामात आले नाहीत. त्यांचे आडनाव काय, गाव कोणते, आणि आपल्या घोंगड्याने सांगली गाठली हे त्यांना कधी कळले का, हेही अजून कळलेले नाही.