गाऱ्हाण्यातलं नाव

यमुनाबाईंचा विश्वास कुणावरच नव्हता. वायरमन मीटर बघायला आला तरी त्या त्याच्या पाठीशी उभ्या राहायच्या. नवरा लवकर गेल्यावर त्या माहेरी परतल्या, आजारी वडिलांचं सगळं केलं आणि आंब्याच्या चाळीस कलमांची बाग एकटीने राखली. भोळ्या राहिल्या असत्या तर भाऊबंदांनी बाग कधीच गिळली असती, हेही खरं.

त्यामुळे यंदा शिमग्याला धाकटा भाऊ दादू बावीस वर्षांनी दारात उभा राहिला, तेव्हा त्या उंबरठ्यातच आडव्या उभ्या राहिल्या. वडिलांवर हात उगारला म्हणून वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. ते गेले तेव्हाही त्याला कुणी कळवलं नाही. कुणी म्हणजे यमुनाबाईंनीच.

"कशाला आलास रे?"

"उद्या देवाची पालखी येते ना घरी, बाय. म्हटलां, बघूया."

पालखी बघायला सुरतेहून कोण येतं? तो कलमांच्या खोडांवरून हात फिरवत हिंडला. बाईंना वाटलं, मोजतोय. विहिरीत डोकावला, पाणी जोखतोय. घरावरचा आणि बागेवरचा हक्क सोडल्याचा कागद त्यांनी वकिलाकडून केव्हाच लिहून आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी त्यांनी तो पुढे केला. दादूने न वाचता सही केली.

इतक्या सहज? म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय! साक्षीदार असलेला बरा म्हणून त्या कागद घेऊन तडक देवळाचे मानकरी असलेल्या गावकरांकडे गेल्या. "बघून ठेवा. आता ह्या घरात ह्याचां काय नाय."

दुपारी पालखी अंगणात आली. गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगायचं, ह्यांना सांभाळ. परगावी असलेल्यांचंही नाव घेतात. दादूचं बावीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

तो हात जोडून पुढे आला. "गावकरांनू, परवा ऑपरेशन हाय माझां, छातीचां. गाऱ्हाण्यात माझां नाव घ्या. तेवढ्यासाठीच आलोय."

गावकर अवघडले. "घरातल्यांचीच नावां घेतो आमी, दादू. सकाळी तुझ्या बहिणीने कागद दाखवला. सही तुझीच ना?"

दादू "हो" म्हणाला आणि मागे सरला.

गाऱ्हाणं सुरू झालं. काय करून बसलो आपण! यमुनाबाई गर्दीतून वाट काढत पुढे धावल्या, "घ्या त्याचां नाव! मी सांगते, घ्या!" पण तोवर गाऱ्हाण्याला जमावाचं शेवटचं "होय महाराजा" होऊन गेलं होतं, ढोल सुरू झाले होते आणि पालखी अंगणाचा दगडी गडगा ओलांडून पुढच्या घराकडे निघाली होती. एकदा सोडलेल्या अंगणात ती त्या वर्षी पुन्हा येत नाही.