बॉनेटवरचे डाग

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. मालकांनी ते हातात घेतले नाहीत. घेणार कसे? त्यांनी काठीचं टोक माझ्या मनगटाखाली घातलं आणि एकेक हात उलटा करून पाहिला. आधी तळवे, मग नखं. बाजारात बैल पाहणारा माणूस निदान बैलाच्या जबड्याला हात तरी लावतो.

"काय घासलं बे बॉनेटवर? चुना? का अॅसिड?"

"काही नाही मालक. पानी अन् कपडा."

"मंग हे डाग काय आपोआप उगवले?"

जिनिंगचं अख्खं आवार पाहत होतं. कापसाचे गठ्ठे उचलणारे थांबले होते. मालकांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात अमरावतीचे पाहुणे चहा पीत होते. मालकांची मुलगी पाहायला आले होते, पण आधी त्यांनी मोटार पाहिली. काळीभोर मोटार, आणि बॉनेटवर पांढरट, वाटाण्याएवढे डाग. पाहुण्यांतला एक म्हातारा हसत म्हणाला होता, "मोटारीले देवी निघाल्या काय हो?" सगळे हसले. मालकही हसले. आणि पाहुणे व्हरांड्यात जाऊन बसल्यावर त्यांनी मला बोलावलं.

ते डाग कशाचे होते हे मला माहीत होतं.

यवतमाळहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यालगत हे जिनिंग. छप्पन सालानंतरचा पहिला उन्हाळा. मी तेवीस वर्षांचा. मोटार धुणं हे माझं काम, आणि ते मला कोणी दयेनं दिलं नव्हतं. माझ्या आधीचा गडी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचा. जिनिंगची धूळ ती, तीत सरकीची टरफलं, वरून रस्त्याचा मुरूम. फडकं फिरलं की रंगावर ओरखडे. ड्रायव्हर अब्बासभाई वैतागले. मी तेव्हा गठ्ठे उचलत होतो. एकदा त्यांनी मला चाकं धुताना पाहिलं आणि मालकांना सांगितलं, "इसका हाथ हल्का है. गाडी इसको दो." मालकांना रंग प्यारा होता. माझी जात त्यांनी रंगापुरती चालवून घेतली.

अब्बासभाईंनी मला सगळं शिकवलं. "पहले पानी, फिर हाथ." छतापासून पाणी सोडायचं, धूळ आपल्या आपण वाहून जाऊ द्यायची, मग भिजलेलं जुनं मलमल फिरवायचं, तेही दाब न देता. चाकांचं फडकं वेगळं, अंगाचं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवशी ते बाद. गाडी टिनाच्या सावलीत धुवायची, कारण आमच्या विहिरीचं पाणी जड, उन्हात वाळलं की त्याचाही पांढरा डाग बसतो. कावळा शिटला तर हातातलं काम टाकून ते भिजवायचं आणि अलगद उचलायचं. तासभर उन्हात राहिलं तर रंग खातं. शेवटी मेणाचं पॉलिश, बोटभर, गोल गोल. मला ते काम आवडायचं. दारात मला माझं तोंड दिसायचं, आणि खरं सांगतो, ते पाहायला मी थोडा जास्तच वेळ तिथं थांबायचो.

पण गाडी बाहेरून माझी, आतून नाही. आतल्या गाद्या दुसरा गडी झटकायचा. दाराची मूठ मीच चमकवायची, पण त्या मुठीला हात लावण्याआधी मोठ्या बाई, म्हणजे मालकांची आई, तुळशीपत्रानं गाडीवर पाणी शिंपडायच्या. चतुर्थीला त्या कळंबच्या चिंतामणीला जायच्या, त्या दिवशी तर हमखास. मी बाजूला उभा राहायचो. सवय झाली होती. सवय झाली होती हे लिहिताना आज मला माझीच लाज वाटते.

मग आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरी आलो, देव्हारा उतरवला. मालक काही बोलले नाहीत. मोठ्या बाई बोलल्या. मला नाही, मला ऐकू जाईल अशा बेतानं अब्बासभाईंना.

"आधी निदान आमच्या देवाले तरी भेत होता. आता हा कोनालेच भेत नाही. आता नुसत्या पान्यानं नाही भागत."

त्या दिवसापासून पाणी बंद झालं आणि गोमूत्र सुरू झालं. सकाळी गोठ्यातून आणलेलं, पाणी न घातलेलं, तांब्याभर. मी गाडी धुऊन पॉलिश केली की मला भिंतीआड पाठवायचे. बाई बॉनेटपासून मागच्या टोकापर्यंत शिंपडत जायच्या. मग गाडी सावलीतून काढून उन्हात उभी करायची, वाळेपर्यंत. आणि पुसायचं नाही. मी एकदा ओलं फडकं घेऊन पुढे झालो तर बाई ओरडल्या, "पुसू नको! पुसलं तं शुद्धी पुसल्या जाते!"

यवतमाळचं चैत्रातलं ऊन. पत्रा इतका तापायचा की हात ठेववत नसे. त्यावर तो थेंब वाळायचा. पहिला डाग मी पाहिला तेव्हा मेण लावून घासला. गेला नाही. डाग रंगावर नव्हता, रंगात गेला होता. पुढच्या आठवड्यात पाच झाले, मग मोजायचंच सोडलं. मी अब्बासभाईंना दाखवलं. ते म्हणाले, "देखा है मैंने. तू चुप रह." आणि मी गप्प राहिलो. कोणाच्या तरी अंगावर हे येणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं, आणि कोणाच्या, तेही.

तर आता मालकांच्या काठीचं टोक माझ्या मनगटाखाली होतं.

"बोल. धर्म सोडला म्हून माज चढला काय? आकसानं केलं ना हे?"

मी अब्बासभाईंकडे पाहिलं. ते टायरकडे पाहत होते. त्यांना पाच लेकरं होती. मला त्यांचा राग आला, आणि तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

"मालक," मी म्हणालो, "हे डाग गोमूत्राचे आहेत. उन्हात वाळलं की ते रंग खाते."

व्हरांड्यातल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. मोठ्या बाई दारात आल्या. "काय म्हनते हा? गाईचं मूत डाग पाडते म्हनते?" त्यांना खरंच धक्का बसला होता, हे मी आजही कबूल करतो. त्यांना ठाऊक नव्हतं.

पण मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी आईकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत मला कळलं. या माणसाला माहीत आहे. कधीपासूनचं माहीत आहे. आईला सांगायची हिंमत नाही, म्हणून मी पाहिजे.

"उद्या सकाळी," मालक हळू आवाजात म्हणाले, "जिनाच्या फाटकाजवळ येशील. सगळ्यायसमोर नाक घासशील. म्हनशील, आकसानं केलं. नाही तं दुपारपर्यंत तुही झोपडी माह्या जागेवरून उचलीन."

आमची झोपडी जिनिंगच्या कुंपणाला लागून होती. जागा मालकांची. ती सोडून आमचं म्हणावं असं जगात काही नव्हतं. मी आणि माय, दोघंच.

संध्याकाळी मालकांचे दोन गडी झोपडीसमोरून गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले. दर वेळी छपराच्या लाकडी बल्ल्यांकडे पाहत गेले, उद्या कुठून सुरुवात करायची हे ठरवत असावेत तसे. विहिरीवर आमच्या वस्तीतल्या बाया होत्या. माय गेली तशा बोलायच्या थांबल्या. माय अर्धी घागर घेऊन परत आली.

चुलीसमोर बसून ती म्हणाली, "घासून टाक बाप्पा. घासल्यानं काय होते?"

"मी केलंच नाही माय."

"तुह्या बापानंबी केलं नोतं."

मी वळून पाहिलं. ती चुलीत काडी सारत होती.

"कधी?"

"तू पोटात होता. मालकाच्या बापाचा बैल मेला. तुह्या बापानंच इख घातलं म्हने. त्याच फाटकाजवळ घासलं त्यायनं. दोनदा. एकदा घासलं तं नीट नाही घासलं म्हने."

"अन् बैल कशानं मेला होता?"

"पान लागलं होतं. साप साऱ्यायनं पाह्यला होता."

एवढं बोलून तिनं भाकर उलटली. तेवीस वर्षं तिनं हे मला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं ते मी वाकावं म्हणून. माझ्या अंगाची आग झाली. राग बापावर नाही, मायवरही नाही. साऱ्यांनी साप पाहिला होता आणि एकही बोलला नव्हता, यावर.

सकाळी मी फाटकाजवळ गेलो. माणसं आधीच जमली होती. कामावरचा भोंगा होऊन गेला होता, पण कोणाला आत सोडलं नव्हतं. मोटार फाटकात आडवी उभी. मालक तिच्या बाजूला, मोठ्या बाई मागच्या गादीवर. अब्बासभाई स्टिअरिंगवर, मान खाली. फाटकासमोरची हातभर जागा कोणीतरी झाडून ठेवली होती. माझ्या नाकासाठी. ती झाडलेली जागा पाहिली आणि माझं पाऊल मागे पडलं. मी शूर नव्हतो. लोक नंतर काहीही सांगोत.

"चाल," मालक म्हणाले.

"मालक, एक इनंती आहे."

"बोल."

"हे दार पाहा. यावर एकबी डाग नाही. यावर गोमूत्राचे चार थेंब टाका, तुमच्या हातानं. गाडी उन्हात उभी करा. दुपारपर्यंत मी इथंच उभा राहातो. डाग नाही पडला तं मी एकदा नाही, दहादा नाक घासतो."

"अबे हट!" मालक कडाडले. "पुन्हा डाग पाडून घेऊ काय गाडीवर?"

बोलून गेले. तोंडातून निघून गेलं.

जिनाचे दीडशे कान होते तिथं. कोणीतरी खोकलं. एका बाईनं पदर तोंडाला लावला. मोठ्या बाईंनी गाडीच्या खिडकीतून लेकाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हंजे तुले मालूम होतं?" मालकांचं तोंड काळंनिळं झालं होतं.

मी जिंकलो, असं तुम्हाला वाटेल. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. खोटा ठरलो असतो तर नाक घासून सुटलो असतो. मी खरा ठरलो होतो, तेही सगळ्यांदेखत, मालकांच्याच तोंडून. याला माफी नसते.

"मी नाक घासत नाही," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "मी काही केलं नाही."

मी वळलो आणि चालू लागलो. कोणी अडवलं नाही. कोणी सोबतही आलं नाही. पाठीमागे मालक फक्त एवढंच म्हणाले, "बैलबंड्या जुपा."

दुपार व्हायची वाटही त्यांनी पाहिली नाही. दोन बंड्या आल्या, सहा गडी, लोखंडी सब्बल. त्यांतले दोघं कालपर्यंत माझ्यासोबत गठ्ठे उचलणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छप्पर उतरवलं, बल्ल्या उपटल्या, कुडाची भिंत लाथेनं पाडली. मायनं पिठाचा डबा आणि दोन भांडी तेवढी बाहेर काढली. ती रडली नाही. मला म्हणाली, "आता?"

"ठाण्यात," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. आमच्या घरातून ठाण्यात कोणी आपल्या पायानं गेलेलं नव्हतं. नेलेले होते. पण शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला आहे, हे मी नागपुरात ऐकलं होतं. त्या कायद्याचं नाव मला नीट येत नव्हतं. तो आहे, एवढं येत होतं.

तीन कोस चाललो, उन्हातून. माय पायरीवर बसली. मी आत गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हवालदारानं ऐकून घेतलं. मालकांचं नाव आलं तशी त्यानं हातातली लेखणी खाली ठेवली.

"कोनाचं नाव घेऊन राह्यला, समजते तुले?"

"समजते."

"घर गेलं. आता जीव जाईन. जाय, मामाच्या गावाले निंगून जाय. मी काही ऐकलं नाही."

"मी कुठी जात नाही."

"उद्या ये मंग."

"उद्या नाही."

त्यानं खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मालकांची माणसं येणार हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि मला मायला घेऊन वस्तीपर्यंत परत जायचं होतं. मी त्याच्या टेबलासमोर, जमिनीवर मांडी घालून बसलो.

"लिहा," मी म्हणालो. "पयले माहं नाव लिहा. मंग त्यायचं. तुम्ही लिहीपर्यंत मी उठत नाही, अन् ते आले तरी उठत नाही."