सोनवणे काकांच्या लॉगिनवरून मी केलेलं काम

सोनवणे काका परवा अटॅकने गेले. काल ऑफिसच्या पेजवर त्यांच्या श्रद्धांजलीची पोस्ट मीच टाकली आणि मग बसून डबा खाल्ला.

रडू आलं नाही. अजूनही येत नाहीये. दोडक्याची भाजी होती, तीही सगळी संपवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर आहे. कुठलं ते विचारू नका. पेज, व्हॉट्सॲप नंबर, तक्रारींचं ॲप, सगळं मी बघते. काका आवक-जावकला होते. सगळं ऑनलाइन झालं तेव्हा साहेबांनी त्यांना उचलून माझ्या शेजारी बसवलं.

पिंपळे गुरवचा माणूस. वडील कंपनीत कामगार, हे घरातले पहिले सरकारी नोकर. आधी माऊसला हात लावायला घाबरायचे, नंतर मलाच शिकवायला लागले.

त्यांची एक खोड होती. ॲपवर तक्रार 'निकाली' करण्याआधी ते त्या माणसाला फोन करायचे. काम झालं का, विचारायचे. समोरचा हो म्हणाला तरच बटण दाबायचे.

आता इतकं कोण करतं, राव? कंत्राटदार फोटो टाकतो, आपण बटण दाबतो, विषय संपला.

त्यामुळे महिनाअखेरीच्या मीटिंगला स्क्रीनवर सगळे हिरवे आणि काका तेवढे तक्रारी पडून असल्याने लालभडक. साहेब सगळ्यांदेखत झापायचे. काका हसून सोडून द्यायचे. मला मात्र ते बघवेना.

त्यांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. आमच्याकडे सगळ्यांचेच तिथे असतात. एका मीटिंगच्या दिवशी काका जेवायला गेले आणि मी त्यांच्या लॉगिनवरून सगळ्या जुन्या तक्रारी निकाली काढून टाकल्या. पाच मिनिटांचं काम. वाटलं, म्हाताऱ्याची एक मीटिंग तरी सुखाची जाईल.

त्यात दिघीच्या एका गल्लीतलं झाकण नसलेलं ड्रेनेजचं चेंबर होतं.

आठवड्याने तिथल्या आजी मोबाईल घेऊन ऑफिसात आल्या.

"काम झालं म्हून मेसेज आला. त्येच्या भरवशावर ह्ये पहाटं दुधाला निघालं."

अंधारात त्या उघड्या चेंबरमध्ये पडून आजोबांच्या मांडीचं हाड मोडलं होतं.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. काकांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं.

"लॉगिन माझं आहे, साहेब. चूक माझी."

मेमो त्यांच्या नावाने निघाला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, पूजा, तू कंत्राटावर आहेस, तुला उद्याच घरी बसवतील. माझी काय, दोनच वर्षं राहिलीत.

मी मान हलवली. थँक्यू पण म्हणाले नाही.

त्यानंतर ते दर रविवारी दिघीला आजोबांना बघायला जायचे. मी एकदाही गेले नाही.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली. काकू कुणाला तरी सांगत होत्या, ह्यांच्या हातून नोकरीत एकच पाप झालं आणि तेच उरात घेऊन गेले. मी मागे बसून ऐकलं आणि घरी निघून आले.

आज मात्र ऑफिस सुटल्यावर गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली देतील. द्यायला हवी होती.

त्या म्हणाल्या,

"चार महिने मी त्यांना बोलत होते गं. तुमच्यामुळे एक म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला म्हणून. जेवतानाही सोडलं नाही. खाली मान घालून जेवायचे. मला तरी सांगायचं ना त्यांनी?"



साहेबांना उद्या सकाळी लेखी देणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे.

इथे लिहिते आहे, कारण ऑफिसातले तुम्ही सगळे इथे आहात. सोनवण्यांनी ऑफिसचं नाक कापलं, असं चहाच्या टपरीवर तुम्ही म्हणत होतात. मीही तिथेच चहा पीत होते.

ते त्यांनी केलं नव्हतं. मी केलं होतं.

काका, तुम्ही होतात तेव्हाच हे बोलायला हवं होतं. आता काकूंना कळलंय, पण तुमची ती चार महिन्यांची जेवणं मी परत आणू शकत नाही.

तुम्हाला माझी शरमेची श्रद्धांजली.