घरच्यासारखा माणूस

शीळफाट्याजवळच्या आमच्या रंगाच्या कारखान्याला प्रमुख हवा होता आणि निवड माझ्या हातात होती. इतकी वर्षं माणसं निवडली, माझी पारख चुकायची नाही, अशा तोऱ्यात मी होतो.

दोघेजण रांगेत होते. एक आमचा क्वालिटी इन्चार्ज. कोपरला राहणारा, बावन्न वर्षांचा, त्याची ही शेवटची संधी. मनाला न पटलेला एकही डबा तो गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही. एकदा ठाण्याच्या ऑफिसात, सगळ्या डायरेक्टरांसमोर त्याने मला तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, हा कच्चा माल घेऊ नका. रंग टिकायचा नाय." त्याचंच खरं निघालं आणि तेच मला खुपत राहिलं.

दुसरा प्रॉडक्शनमधला. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या डोंबिवलीच्या घरी बायकोसकट हजर, मखर तोच लावणार. "अगदी घरच्यासारखा आहे हो," असं आमची ही म्हणायची. मी घरच्यासारख्याला नेमलं. फाइलवर लिहिलं, 'नेतृत्वगुण'. इन्चार्जच्या नावापुढे लिहिलं, 'सर्वांना सोबत घेऊन जात नाही'. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची आज लाज वाटते.

इन्चार्ज केबिनमध्ये आला. "साहेब, माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

तुम्ही मला चारचौघांत खोटं पाडलंत, हे खरं उत्तर. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याने नोकरी सोडली नाही. मुलीचं कॉलेज चालू होतं. वेळेवर यायचा, मीटिंगमध्ये मान डोलवायचा. माणूस सुधारला, असं मी मूर्खासारखा चारजणांना सांगत फिरलो.

मग कल्याणच्या एका नव्या सोसायटीच्या भिंतींवरून आमच्या रंगाचे पोपडे निघाले. नव्या प्रमुखाने स्वस्तातला माल घेतला होता. मी इन्चार्जला बोलावलं.

"तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

"आलेलं की. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी बोलायचो, साहेब. तुम्हाला आवडायचं नाय."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला निदान चिडता आलं असतं.

टेबलावर तक्रारीचा अहवाल पडला होता. त्याने तो ओढून घेतला, शेवटचं पान उघडलं आणि एक ओळही न वाचता खिशातून पेन काढलं.

"सही कुठं करू, साहेब?"