पुंगळीची मान

अबुधाबीच्या एका नेमबाजी क्लबात एक मराठी कारागीर उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याजोग्या करत. पुंगळी साच्यात दाबायची, कॅलिपरने तिची मान, म्हणजे तोंडाकडचा निमुळता भाग, मोजायची आणि पुटपुटायचं, "बाईंची मान वाढली." मी पत्रकार, मला बंदुकांचा तिटकारा. तसं सुनावलं, तर म्हणाले, "लिहा की पेपरात."

ज्याच्या सहीवर त्यांचा व्हिसा होता, तो अरब मालक एकदा स्पर्धेच्या घाईत होता. त्यांनी बाजूला टाकलेली पुंगळी उचलून तो म्हणाला, "चलेगा हबीबी, यल्ला."

"मान एवढी वाढली म्हणजे पोट झिजलंय. उडवताना त्यांच्याच तोंडावर फुटेल," ते मला मराठीत म्हणाले. मग त्यांनी ती मालकाच्या हातातून घेतली आणि पक्कडीने चेपली. "खलास."

मालक निघून गेला.

"नोकरी गेली तर?" मी विचारलं.

"जाईलही. व्हिसा त्यांच्या हातात आहे. पण आज डोळा त्यांचा माझ्या हातात होता ना."