शेल्फावरचा भाऊ

सासूबाई पुण्याहून यायच्या आदल्या दिवशी मी माझ्या मुलाला शेल्फावरून उचललं आणि कपाटात स्वेटरांखाली ठेवून दिलं.

म्हणजे त्याचा फोटो. सातव्या महिन्यात, पोटातच गेला तो. इथे न्युरेम्बर्गच्या हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं होतं, पावलांचे ठसे घेऊ का, फोटोग्राफर बोलावू का? अशा बाळांचे फोटो काढायला इकडे माणसं पैसे न घेता येतात. पूर्वी एका म्युझियममध्ये मी जुन्या काळचं लॉकेट पाहिलं होतं, त्यात एका मेलेल्या मुलाचे केस होते. "ईऽऽ, कसली मेली ही हौस!" म्हणून नाक मुरडलं होतं. आणि त्या दिवशी मीच म्हणाले, काढा फोटो. वर त्याचे चार केसही मागून घेतले.

आपल्याकडे अशा बाळाला नाव नसतं, फोटो तर नाहीच नाही. बाळ गेल्याचं सासूबाईंना माहीत होतं, फोटोचं नव्हतं. "आई हबकेल गं," नवरा म्हणाला, "महिन्याभराचाच तर प्रश्न आहे." पण त्याच्यावर कशाला ढकलू? घाबरले होते मीच. 'घरात असलं ठेवतात का?' हे ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती.

आमची मुलगी पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. रोज बालवाडीत जाताना ती भावाला बाय करायची. सासूबाई आल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी ती रिकाम्या शेल्फासमोर थांबली आणि जर्मनमध्ये विचारायला लागली, माझा भाऊ कुठे गेला?

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो आई, बाहुली शोधतेय."

झालं! सासूबाई कंबर धरत वाकल्या आणि सोफ्याखाली हात घालून चाचपू लागल्या. "सापडेल हं सोन्या. केवढी होती तुझी बाहुली?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी नजर चुकवली. पोटच्या पोराला बाहुली म्हणाले मी, तेही तिच्यादेखत! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंडाने आपलं चालूच, "राहू द्या हो आई, मिळेल नंतर."

मग ती आजीजवळ गेली. शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "आजी, बाहुली नाही. माझा भाऊ."

सासूबाई सोफ्याला धरून उठल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठे आहे तो?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

"कपाटात," मी म्हणाले.