पोटासाठी पिवळं

स्टेशनाजवळ चांगलं जेवण कुठं मिळतं, हे सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात मला विचारायची पद्धत होती. मी काही हॉटेलवाला नव्हतो. सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत साधा कारकून होतो आणि कचेरीच्या कामासाठी रेल्वेनं सारखा हिंडायचो. पण कुणाला बैल कळतात, कुणाला सोनं कळतं, तशा मला स्टेशनालगतच्या खानावळी कळायच्या. आणि चांगली खानावळ माझ्या लेखी एकच, जिथं ताटात गरम भाकरी आणि शेजारी गार बीअर मिळते ती. यातलं एकच मिळत असेल तर ते दुकान मी नापास करायचो.

माझा एक मित्र रेल्वेत गार्ड होता. या विषयातला माझा गुरू तोच. कुर्डुवाडीला स्टेशनासमोर मटण झकास, पण बाटल्या कोमट. अंगाला लावायच्या तेलासारख्या. होटगीला भजी आणि चहा, पुढं बोलायचं काम नाही. गुलबर्ग्याला बाटली गार, पण भाकरी इतकी जाड की दाराला अडसर म्हणून लावावी. त्याचा एक सिद्धांत होता आणि तो प्रत्येक घोटाबरोबर सांगायचा. "पेय प्रवासाला निघालं की मेलं. शिंदी बघ, झाडावरून उतरली की तिथंच प्यावी. गाव ओलांडलं की तिचं ताक होतं." गाडीत जन्म घालवलेल्या माणसाला प्रवासाचा एवढा राग का, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेली खानावळ सोलापूर स्टेशनाच्या अगदी जवळ होती. पुढं शुद्ध शाकाहारी लिंगायत खानावळ, कडक भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी, घट्ट दही. मागं एक पडदा, आणि पडद्याआड चार टेबलांची खोली. स्वयंपाकघर दोन्हींचं एकच. आतल्या खोलीत लाकडाच्या भुशात बर्फाची लादी पुरलेली असायची आणि तिला टेकून बाटल्या झोपलेल्या असायच्या. मे महिन्यात सोलापुरात त्या बाटल्यांकडं नुसतं बघितलं तरी निम्मा जीव थंड व्हायचा.

त्या काळी महाराष्ट्रात प्यायची तर परमिट लागायचं, आणि परमिट मिळायचं ते प्रकृतीसाठी. म्हणजे कागदोपत्री आम्ही सगळे आजारी होतो. आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझी नाडीही न बघता "अशक्तपणा" असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी तालमीतल्या एका पैलवानालाही अशक्त ठरवलं. तेव्हा खानावळीच्या मालकानं एक रिवाज घालून दिला. पुढं जेवायला बायाबापड्या असतात, यात्रेकरू असतात, त्यांच्या कानावर नको तो शब्द पडू नये म्हणून दुकानात कुणीही दारू म्हणायचं नाही, बीअर म्हणायचं नाही. म्हणायचं औषध. रम म्हणजे लाल औषध, बीअर म्हणजे पिवळं. पुढच्या बाजूला कुणी ओळखीचं गिऱ्हाईक बसलंच, तर त्याला स्टीलच्या पेल्यातून द्यायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि वाढप्याला तर दुसरा शब्दच आठवेनासा झाला.

याच सुमारास माझ्या लग्नाचं चाललं होतं. अक्कलकोटकडची मुलगी होती. एका नातेवाइकाच्या लग्नात मी तिला पाहिलं होतं. पंगतीत वाढताना तिनं मला कानडीत काहीतरी विचारलं, मी घाईघाईत हो म्हणालो आणि ताटात पाच पुरणपोळ्या आल्या. त्या मी सगळ्या खाल्ल्या. ती पदराआड हसत होती. त्या दिवसापासून मला दुसरी मुलगी दाखवायची सोय राहिली नाही. हवी तर हीच, असं मी घरात सांगून टाकलं.

अडचण होती तिच्या वडिलांची. शेंगांचे व्यापारी, पांढऱ्या मिशा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवायचं नाही हे त्यांचं तरुणपणापासूनचं व्रत. आधीचं एक चांगलं स्थळ त्यांनी का मोडलं, तर मुलाच्या तोंडाला वास आला म्हणून. मुलानं लाख सांगितलं की कफावरचं औषध घेतलंय. ते म्हणाले, "असलं औषध घेणारा जावाई मला नगं."

हे सगळं ठाऊक असल्यामुळं मी दोन महिने पडद्याआड पाऊल टाकलं नव्हतं. गार्ड माझ्याशी बोलेनासा झाला होता.

आणि एक दिवस निरोप आला. ते कुर्डुवाडीला व्यापाराच्या कामानं गेले होते, परतताना दुपारी सोलापुरात गाडी बदलणार होते, तेवढ्यात मुलगा बघून घेऊ म्हणाले. मी इस्त्रीचा शर्ट घालून फलाटावर हजर. ते उतरले तेच पोटावर हात ठेवून. कुर्डुवाडीला कसलीतरी मिसळ खाल्ली होती आणि ती आता वर येत होती.

"काय होत नाय," ते म्हणाले, "वाईच भाकरी पोटात गेली की बरं वाटंल. स्टेशनाजवळ चांगलं जेवान कुटं मिळतं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर गोष्ट निराळी. मी त्यांना घरी नेऊ शकलो असतो, फलाटावरच्या स्टॉलवर दहीभात देऊ शकलो असतो. पण हा प्रश्न मला विचारला आणि मी वाईट खानावळ सांगितली, असं कधी झालेलं नव्हतं. माझ्यातला जाणकार जिंकला, जावई हरला. मी त्यांना तिथंच घेऊन गेलो.

पुढच्या बाजूला, पडद्यापासून लांब, दाराजवळचं टेबल धरलं. वाढप्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "साहेब! लई दिसांनी! आणि आज हितं भाईर कसं?" मी डोळे वटारले आणि त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "मोठे पाहुणे आहेत. मी त्यांचं तिकीट काढून येतो. तोवर नीट बघ त्यांच्याकडं." माझ्या मनात होतं ते जेवणाचं. त्याच्या मनात काय उमटलं हे तासाभरानं कळलं.

तिकिटाच्या खिडकीवर रांग होती. इकडं खानावळीत काय घडलं ते वाढप्यानं मला नंतर शपथेवर सांगितलं, ते असं.

मामा, म्हणजे मुलीचे वडील, पोट चोळत म्हणाले, "आदी काय तरी औषध मिळंल का हितं?"

वाढपी म्हणाला, "मिळंल की! औषधासाठीच तर लोक येत्यात. लाल का पिवळं?"

"पोटासाठी कंचं?"

"पोटासाठी पिवळंच."

"मग पिवळं दे."

वाढपी नियमाचा पक्का होता. त्यानं विचारलं, "डाक्टरची चिठ्ठी हाय न्हवं?"

मामांच्या खिशात त्यांच्या गावच्या डॉक्टरनं पित्तावर दिलेली चिठ्ठी नेहमी असायची. त्यांनी खिशावर थाप मारली. "हाय की." वाढप्याचं समाधान झालं. साहेबांचे पाहुणे, शिवाय चिठ्ठीवाले. त्यानं स्टीलचा पेला भरून आणला. वर बोटभर फेस. मामांनी तो फसफसणारा फेस बघितला आणि त्यांचा विश्वासच बसला. पोटाच्या औषधाला फेस येतो हे लहान पोरालासुद्धा माहीत असतं.

मी परत आलो तेव्हा मामा दुसऱ्या पेल्यावर होते. पांढऱ्या मिशांवर आणखी एक पांढरी मिशी आली होती. समोरच्या ताटात तिसरी भाकरी आणि वांग्याचं नुसतं देठ. वाढपी कोपऱ्यातून माझ्याकडं बघून, काम चोख झालं अशी मान हलवत होता. त्याचा गळा धरावा असं मला मनापासून वाटलं.

"या, या, जावईबापू!" मामा म्हणाले.

त्यांनी मला पहिल्यांदाच जावई म्हटलं. मी दोन महिने ज्या शब्दासाठी झुरत होतो तो शब्द बीअरच्या फेसातून बाहेर आला होता. आता तोंड उघडून खरं सांगावं तर त्यांचं व्रत मोडल्याचं त्यांना कळणार, आणि मुलगी माझ्या हातून जाणार. न सांगावं तर गप्प बसावं लागणार. मी खाली बसलो आणि एक भाकरी मागवली.

"कडू हाय," ते पेला उचलत म्हणाले, "पण छलो ऐती!" कानडीत याचा अर्थ, झकास आहे. "पोट कसं गप झालं बघा. तुमच्या गावचं औषध लई गुणाचं. एक बाटली बांदून घ्या. आमच्या अक्काला पण ग्यासचा लई तरास हाय."

पंच्याहत्तरी ओलांडलेली, सोवळ्यातली त्यांची थोरली बहीण माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. आणि त्या क्षणी मला गार्ड आठवला. देव त्याचं भलं करो.

"मामा," मी म्हणालो, "हे औषध प्रवासाला निघालं की मेलं. इथंच ताजं घ्यावं लागतं. गाव ओलांडलं की गुण जातो."

त्यांना ते पटलं. व्यापारी माणूस, नाशवंत माल ओळखणारा. मी त्यांना एकामागून एक दोन मसाला पानं खायला लावली, बडीशेपेची पुडी खिशात कोंबली आणि गाडीत खिडकीजवळ, भरपूर वारा लागेल असं बसवलं. गाडी हलल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसलो. आता ते घरी जाणार, घरचे वास घेणार आणि सगळं संपणार, याची मला खात्री होती.

आठ दिवसांनी होकार आला.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं स्टेशनाकडं फिरायला गेलो, तेव्हा बायको त्या खानावळीसमोर थांबली. "अप्पांचं औषधाचं दुकान हेच का?" मी नुसताच खाकरलो. ती म्हणाली, "माझे काका रोज घेतात. मला काय वास कळत नाही? अक्कानं विचारलं तर मी सांगितलं, पानाचा आहे."

"मग तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "आमच्या घरात स्थळ आलं की पुरुष ठरवतात. त्या दिवशी अप्पा आले ते हसत आले, ओट्यावर बसले, मला समोर बोलावलं आणि म्हणाले, तुला पसंत हाय का पोरगा? जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. मी म्हटलं, औषध उतरायच्या आत हो म्हणून टाकावं."

भर रस्त्यात तिचा हात धरायची तेव्हा सोलापुरात सोय नव्हती, नाहीतर धरला असता.

पुढं मामा सोलापूरला आले की त्यांना हटकून पित्त व्हायचं. स्टेशनावर उतरतानाच पोटावर हात. दोन पेले, तीन भाकऱ्या, आणि तेवढ्या वेळात ते माझ्या बायकोला तिचं कसं चाललंय हे विचारायचे आणि ती काय सांगते ते ऐकायचे. खरं सांगायचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. त्यांचं व्रत शाबूत होतं, कारण त्यांना ते शाबूत आहे असं वाटत होतं. आमच्या घरावर एवढीच एक जोखीम होती, की तो शब्द कुणाच्या तोंडून निसटू नये.

एकदा त्यांना चक्कर आली म्हणून आम्ही त्यांना आमच्या पेठेतल्या त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब बघितला आणि विचारलं, "दारू वगैरे?"

मामा ताठ बसले. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाले, "जल्मात थेंब न्हाय."

बायकोनं माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की वळ उठला.

"बरं. चालू औषध कुठलं?"

"एकच. पोटाचं. हितंच स्टेशनाजवळ घेतो. नाव काय ठावं न्हाय, पर फेस येतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मामांच्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बायकोकडं. तिनं हात जोडले होते. निम्म्या सोलापूरला अशक्त ठरवणारा तो माणूस. त्याला काय कळायचं राहिलं होतं? आता तो शब्द येणार आणि मामांच्या व्रताची चाळीस वर्षं या दवाखान्यात सांडणार.

डॉक्टरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"पिवळं ना?"

"व्हय, पिवळंच."

"मग चालेल. लाल घेऊ नका."

बाहेर आल्यावर मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून कौतुकानं म्हणाले, "बघा जावईबापू, शिकल्याला डाक्टर! नाव न सांगता औषध वळखलं."